डावा खालचा, दाढा नाहीत

प्रयागच्या वरच्या अंगाला नदीनं कापलेली दरड,
तिच्यातून सात पोती माती आणली.
युरियाची पोती, तीनदा धुतलेली.
चौगुल्यांच्या हौदावर चाळण हलवत बसते
तेव्हा त्यांचा गडी विचारतो,
"सोनं गावतंय काय बाई?"
"उंदीर," मी म्हणते.
"आमच्या उसात या की मग.
फुकट न्या, वर च्या पाजतो."

चाळणीची जाळी हुपरीच्या रेवण्णा पोतदारानं ओढून दिली,
घुंगरांना डाख देणाऱ्या हातांनी.
म्हणाला, तुम्ही आमच्यातल्याच, झारेकरी.
मी नाही म्हटलं नाही.

सात पोत्यांतून चिमूटभर उरतं.
खडे, गोगलगायीचे शंख,
आणि साळीच्या तुसाएवढं काळं काहीतरी
जे ओल्या ब्रशच्या टोकावर श्वास रोखून उचलायचं.

कवटी राहत नाही, कवटी म्हणजे पापड.
बरगड्या विरतात, शेपटीचे मणी पाण्याबरोबर जातात.
राहतो जबडा.
'जन्मभर कुरतडणाऱ्याला काळ कुरतडू शकत नाही'
असं मी वहीत लिहिलं होतं एकदा. मग खोडलं.
काळानं पुष्कळ कुरतडलंय.
इनॅमल चिवट असतं, एवढंच.

दाढ उजेडात तिरकी धरायची.
घुशीच्या दाढेवर आडव्या पट्ट्या, कौलं शाकारल्यासारख्या.
घरउंदराची पहिली दाढ लांबलचक,
मागच्या दोघींना कोपऱ्यात रेटणारी थोरली जाऊ.
म्हाताऱ्या जनावराचे उंचवटे झिजून सपाट,
जोतिबाच्या पायऱ्यांसारखे;
तिथं कूळ कळतं, नाव कळत नाही.

ताडून बघायला आजचे जबडे लागतात.
ते गव्हाणी घुबड पुरवतं.
चौगुल्यांचं गुऱ्हाळ बंद आहे, चुलवाणात रुई उगवलीय,
आणि गंजक्या काहिलीत रोज सकाळी
केसांत गुंडाळलेल्या हाडांच्या दोन ताज्या गोळ्या.
माझ्यापेक्षा ते नेमानं काम करतं.

नमुना एकशे सतरा.
डावा खालचा जबडा.
पटाशीचा दात मोडलेला, त्यामागची मोकळी जागा शाबूत,
दाढा एकही नाही.
मी बाजूला टाकत होते.
तेरदाळे मॅडमनी तो परत माझ्यापुढं सरकवला:
"भाडेकरू गेलाय. खोल्या मोज."

खोल्या म्हणजे खळगे, मुळं जिथं रुतलेली असतात.
पहिल्या दाढेखाली घरउंदराला दोन,
घुशीला चार.
याला तीन.
परत मोजले. चहा पिऊन मोजले.
दुसऱ्या दिवशी दिवा उजवीकडून लावून मोजले.
तीन.
तिसरा जरा उथळ, कडेला, लाजल्यासारखा.
का तो माझ्याच सुईनं पडला, साफ करताना,
त्या बुधवारी, वीज गेली होती तेव्हा?

त्याच आठवड्यात राजारामपुरीत माझी अक्कलदाढ काढली.
डॉक्टरनी कागदात गुंडाळून हातात दिली: मुळं दोन, एक वाकडं.
आता भडंग एका अंगानं चावते
आणि जीभ, काही काम नसलं की,
त्या खळग्यात जाऊन बसते.
कुणी नाही तिथं. तिला पटत नाही.

कार्डावर लिहिलं: कूळ, मूषक.
प्रजाती, आणि पुढं जागा सोडली.
पेन्सिलीनं. खोडरबर जवळ ठेवून.
काडेपेटीत कापूस घातला, त्यावर ते अर्ध्या नखाएवढं हाड.

हौदावर गडी होताच.
"गावलं काय?"
"तीन भोकं."
त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं,
आणि खरंच विचारात पडून म्हणाला,
"भोकं व्हय… मग त्येच्यात हुतं काय?"

आठवं पोतं अजून सोडलेलं नाही.